‘आयव्हॅन्हो’चा कर्ता सर वॉल्टर स्कॉट



गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीला भेट देण्यास गेलों असतां तेथील एका वृद्ध उपदेशकांनीं मला एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा रात्रीं दिव्याजवळ बसून राजेरजवाड्यांच्या व किल्ल्यांच्या कादंबऱ्या वाचीत असे. तें पाहून त्या भल्या गृहस्थांच्या मनांत शंका उत्पन्न झाली होती कीं, ख्रिस्ती मनुष्यानें कल्पित गोष्टींत वेळ घालवावा कीं काय. अशा गोष्टी वाचून आनंद मानणें हें सत्याच्या विरुद्ध तर नाहीं ना? मीं त्यांना त्या वेळीं थोडक्यांत कांहीं उत्तर दिलें. परंतु घरीं परत आल्यावर असें वाटलें कीं, अशा प्रश्नाचें उत्तर एखाद्या मनुष्याच्या चरित्रानेंच द्यावें. म्हणून ज्या पुरुषाच्या हातून ऐतिहासिक कादंबरी हा प्रकार साऱ्या जगांत प्रसिद्धीस आला, आणि ज्याच्या सचोटीची परीक्षा पुढें कर्जाच्या भट्टींत झाली, त्या सर वॉल्टर स्कॉट यांचें चरित्र येथें सादर करीत आहें.

वॉल्टरचा जन्म स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें १५ ऑगस्ट १७७१ रोजीं झाला. त्याचे वडील वकिलीचें काम करीत. ते स्वभावानें काटेकोर असून प्रेस्बिटेरियन पंथाचे कडक अभिमानी होते, आणि त्यांच्या घरीं शब्बाथाचा दिवस फार गंभीरपणें पाळला जाई. आई ॲन ही वैद्यकशास्त्राच्या एका प्राध्यापकाची कन्या असून तिला जुन्या गोष्टी व गाणीं पुष्कळ येत. त्यांचें घर जुन्या शहरांतील एका अरुंद व कोंदट गल्लींत होतें, आणि वॉल्टरच्या आधीं जन्मलेलीं कित्येक भावंडें तान्हेपणींच दगावलीं होतीं.

वॉल्टर दीड वर्षाचा असतां एके रात्रीं घरभर दुडदुडत होता, कांहीं केल्या निजेना. सकाळीं त्याला ताप भरला; आणि पुढें आई त्याला न्हाऊं घालूं लागली तेव्हां उजव्या पायांतलें बळ गेलें आहे असें तिला दिसून आलें. आज त्या दुखण्याला पोलिओ म्हणतात. त्या काळीं त्याचें नांवही कोणास ठाऊक नव्हतें. वैद्यांचे सर्व उपाय थकल्यावर मुलाला खेड्यांतील मोकळ्या हवेंत ठेवावें असें ठरलें, आणि त्याला स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या सीमेवरील सँडीनो नांवाच्या गांवीं आजोबांच्या शेतावर पाठविण्यांत आलें. तेथें कोणी सांगितलें म्हणून नुकत्याच मारलेल्या मेंढीचें ऊन कातडें त्याच्या अंगाभोवतीं गुंडाळीत. चांगली हवा असली म्हणजे मेंढपाळ त्याला खांद्यावर घेऊन माळावर नेई व कळपामध्यें गवतावर निजवी. एकदां तो माळावर आहे याची कोणास आठवण राहिली नाहीं आणि मोठें वादळ झालें. त्याची आत्या धांवत गेली तों मूल उताणें पडून प्रत्येक विजेबरोबर टाळ्या पिटीत आहे असें तिला आढळलें, असें सांगतात.

पाय पूर्ण बरा झाला नाहीं. जन्मभर ते लंगडत चालले. परंतु त्या माळावर त्यांना एक ठेवा मिळाला. शेताच्या जवळच कड्यावर एक जुना पडका बुरूज उभा होता. संध्याकाळीं शेकोटीजवळ आजी पूर्वींच्या सीमेवरील लढवय्यांच्या गोष्टी सांगे, आणि आत्या जेनी त्याला पोवाडे वाचून दाखवी. अक्षर ओळख होण्यापूर्वींच त्यांतील एक लांबलचक पोवाडा त्या लंगड्या मुलाच्या मुखोद्गत झाला होता, आणि तो इतक्या मोठ्यानें म्हणे कीं, घरीं भेटीस आलेल्या पाळकांना बोलणें अशक्य होई!

महाराष्ट्रांतील मंडळ्यांना हा सीमाप्रांत अगदींच परका नाहीं. सन १८२९ मध्यें मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन यांचा जन्म सन १८०४ मध्यें याच प्रांतांतील लॉडर गांवीं झाला. आणि सन १८४५ मध्यें नागपुरास येऊन काम सुरू करणारे स्टीफन हिस्लॉप हे त्याच बाजूच्या डन्स गांवचे. स्कॉट हे ज्या डोंगरांत वाढले, त्याच डोंगरांच्या कुशींतून हे दोघे सेवक आपल्याकडे आले.

पुढें वॉल्टर एडिंबरोच्या शाळेंत गेला, आणि सन १७८३ मध्यें बाराव्या वर्षीं विश्वविद्यालयांत दाखल झाला. त्यानंतर वडिलांच्या कचेरींत उमेदवारी करून सन १७९२ मध्यें ते वकील झाले. लंगडा पाय असूनही ते दिवसांत कित्येक मैल चालत. आणि सुटी मिळाली कीं, घोड्यावर बसून सीमाप्रांतांतील दुर्गम दऱ्याखोऱ्यांत जात. तेथील म्हाताऱ्या शेतकऱ्यांजवळ, धनगरांजवळ व बायांजवळ बसून ते जुने पोवाडे उतरून घेत. या गाण्यांचा संग्रह त्यांनीं सन १८०२ व १८०३ मध्यें प्रसिद्ध केला. शिकलेले लोक ज्यांना अडाणी म्हणत, त्यांच्याच ओठांवर देशाचा इतिहास जिवंत आहे, हें स्कॉट यांनीं ओळखलें; आणि त्यांच्या पुढील सर्व लेखनाचें मूळ त्या ओळखींत आहे.

सन १७९७ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीं शार्लट कार्पेंटर या फ्रेंच कुळांतील तरुणीशीं त्यांचा विवाह झाला. त्यांचीं दोन मुलगे व दोन मुली अशीं चार मुलें जगलीं. सन १७९९ मध्यें ते सेलकर्क जिल्ह्याचे शेरीफ, म्हणजे न्यायाधीश, झाले आणि मरेपर्यंत त्या जागेवर राहिले. मेंढ्या चोरणारे, शिकारीचा कायदा मोडणारे, शेजाऱ्यांशीं भांडणारे अशा गरीबगुरिबांचे खटले त्यांच्यापुढें येत. गुन्हा सिद्ध झाला तरी गुन्हेगार हा माणूसच असतो, हें त्यांनीं त्या खुर्चीवरून पुष्कळ वर्षें पाहिलें. सन १८०६ मध्यें डडिंगस्टन येथील मंडळीनें त्यांना वडील नेमलें होतें. पुढें त्यांची उपासना एपिस्कोपल पद्धतीची झाली.

प्रथम त्यांची कीर्ति कवि म्हणून झाली. सन १८०५ पासून सन १८१० पर्यंत लिहिलेल्या त्यांच्या कथाकाव्यांनीं सारा देश वेडावला. सन १८१३ मध्यें राजकवीचें पद त्यांच्याकडे चालून आलें, तें त्यांनीं नम्रपणें नाकारलें. त्याच सुमारास एक चमत्कारिक गोष्ट घडली. मासे धरण्याचें सामान शोधण्यासाठीं त्यांनीं एक जुनें मेज उघडलें, तों आंत कांहीं वर्षांपूर्वीं लिहून टाकून दिलेल्या एका गद्य कथेचीं पानें त्यांच्या हातीं लागलीं. त्यांनीं ती कथा पुरी केली आणि ती सन १८१४ च्या जुलै महिन्यांत ‘वेव्हर्ली’ या नांवानें प्रसिद्ध झाली. पुस्तकावर कर्त्याचें नांव नव्हतें. कोर्टाच्या अधिकाऱ्यानें कादंबऱ्या लिहाव्या हें त्या काळीं शोभत नसे. पुस्तक हातोहात खपलें. पुढें सुमारें तेरा वर्षें कादंबरीमागून कादंबरी बाहेर पडत गेली, आणि पुष्कळांना कर्त्याविषयीं तर्क असूनही उघड कबुली त्यांनीं सन १८२७ मध्यें दिली.

आतां ज्या प्रश्नापासून आपण आरंभ केला त्याकडे वळूं. या कल्पित कथांत सत्याला काय स्थान होतें? सन १८१८ मध्यें निघालेल्या ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ या कादंबरींत जीनी डीन्स नांवाची एक शेतकऱ्याची मुलगी आहे. तिच्या धाकट्या बहिणीवर तान्ह्या मुलाच्या खुनाचा आरोप येतो. जीनीनें न्यायालयांत एवढेंच सांगावयाचें कीं, बहिणीनें आपल्या गरोदरपणाची गोष्ट मला कळविली होती. तेवढ्या एका वाक्यानें बहीण सुटली असती. परंतु तें वाक्य खोटें होतें. जीनी शपथेवर खोटें बोलत नाहीं, आणि बहिणीला फांशीची शिक्षा होते. मग हीच मुलगी स्कॉटलंडहून लंडनची वाट धरते, बराचसा प्रवास पायीं करते, राणीपुढें उभी राहते आणि बहिणीसाठीं क्षमा मिळविते. सत्य सोडावयाचें नाहीं आणि प्रेमही सोडावयाचें नाहीं, अशा वेळीं मनुष्याला किती चालावें लागतें, हें त्या कथेंत दिसतें. ही गोष्ट हेलन वॉकर नांवाच्या एका गरीब स्त्रीच्या खऱ्या हकीकतीवर रचलेली आहे.

याच्या पुढच्याच वर्षीं स्कॉट यांनीं ‘आयव्हॅन्हो’ लिहिली. त्या दिवसांत पोटांतील खड्यांच्या वेदनांनीं ते हैराण झाले होते. हातांत लेखणी धरवेना तेव्हां त्यांनीं पुस्तकाचा कांहीं भाग तोंडानें सांगून दुसऱ्याकडून लिहून घेतला. सन १८१९ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस ती प्रसिद्ध झाली. आतांपर्यंत ते आपल्या देशाच्या अलीकडील इतिहासावर लिहीत असत. या वेळीं ते इंग्लंडांत व सहाशेंहून अधिक वर्षें मागें, सिंहहृदय रिचर्ड राजाच्या काळांत, गेले. पवित्र भूमीवरील स्वाऱ्यांचा तो काळ होता. राजा परदेशीं कैदेंत, त्याचा भाऊ जॉन राज्य बळकावूं पाहतो, बलाढ्य सरदार गढ्यांत बसून रयतेला लुटतात, आणि धर्माच्या नांवानें तरवार हातीं घेतलेले टेंप्लर पंथाचे वीर स्वतःच्याच वासनांचे दास झालेले आहेत.

या कादंबरींत पहिल्या प्रथम कोण दिसतो? राजा नव्हे, सरदार नव्हे, तर गर्थ नांवाचा डुकरें चारणारा गुलाम. त्याच्या गळ्यांत पितळेची कडी कायमची बसविलेली आहे, आणि तीवर त्याच्या धन्याचें नांव कोरलेलें आहे. तो प्रामाणिकपणें आपल्या तरुण धन्याची सेवा करतो, संकटांत जीव धोक्यांत घालतो, आणि कथा पुढें सरकल्यावर त्याचा मालक त्याला सर्वांसमक्ष स्वतंत्र करतो. ज्या वाचकांच्या वाडवडिलांनीं गांवकुसाबाहेर राहून दुसऱ्याच्या वेठीला दिवस काढले, त्यांना गर्थ आनंदानें उडी मारतो तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाहीं.

परंतु या ग्रंथाचा प्राण रिबेका ही आहे. ती यॉर्क शहरच्या आयझॅक नांवाच्या यहुदी सावकाराची कन्या. तिला औषधोपचाराचें उत्तम ज्ञान आहे, आणि ती जखमी आयव्हॅन्होची शुश्रूषा करते. ब्रायन द ब्वा-गिल्बेर नांवाचा टेंप्लर तिच्यावर लुब्ध होऊन तिला पळवून नेतो. ती अब्रूसाठीं गढीच्या कठड्यावरून उडी टाकण्यास तयार होते, परंतु त्याला वश होत नाहीं. पुढें त्याच पंथाचा वृद्ध प्रमुख तिच्यावर चेटकाचा आरोप ठेवून तिला जिवंत जाळण्याचें ठरवितो. पुरावा काय, तर तिनें रोग्यांना बरें केलें! एका लुळ्या शेतमजुराला तिच्या औषधानें कुबडीच्या आधारें चालतां येऊं लागलें होतें. त्यालाच साक्षीला ओढून त्याची कृतज्ञता तिच्याविरुद्ध वापरतात. तो बिचारा रडतो. आणि तिला जेव्हां आपल्या बाजूनें लढणारा वीर हवा असतो व सगळे श्रीमंत, शूर लोक गप्प बसतात, तेव्हां तोच गरीब मनुष्य तिची चिठ्ठी घेऊन जातो. अखेर जखमांतून पुरता न सावरलेला आयव्हॅन्हो थकलेल्या घोड्यावर येऊन उभा राहतो. पहिल्याच धडकेंत त्याचा घोडा कोसळतो. परंतु ब्वा-गिल्बेर हा भाल्याचा जेमतेम स्पर्श झाला असतां खाली पडून मरतो. त्याच्याच मनांतील विकारांच्या झगड्यानें त्याचा प्राण घेतलेला असतो.

हें केवळ कल्पनेचें चित्र नव्हे. ज्या यॉर्क शहरचा आयझॅक कथेंत आहे, त्याच शहरीं सन ११९० च्या मार्च महिन्यांत जमावानें यहुदी लोकांना किल्ल्यांत कोंडलें. सुमारें दीडशें माणसें तेथें प्राणास मुकलीं, त्यांपैकीं पुष्कळांनीं शत्रूच्या हातीं पडण्यापेक्षां आपल्याच हातानें मरण पतकरलें. दंगल करणाऱ्यांत यहुद्यांचे कर्जदार सरदार होते. नंतर त्यांनीं मोठ्या चर्चमध्यें ठेवलेले कर्जरोखे काढून तेथेंच जाळून टाकले. तोंडानें धर्माचें नांव आणि मनांत कर्ज बुडविण्याचा हेतु! पुढें सन १२९० मध्यें राजानें सर्व यहुद्यांना इंग्लंडांतून हांकून दिलें, आणि सुमारें साडेतीनशें वर्षांनंतर, सन १६५६ च्या सुमारास, त्यांना पुन्हां तेथें राहतां येऊं लागलें. आपल्या कोंकणांत मात्र बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत, शनिवारीं काम बंद ठेवून, शेंकडों वर्षें शेजाऱ्यांमध्यें सुखानें राहिले, ही गोष्ट आपण अभिमानानें आठवावी.

कादंबरीच्या शेवटीं आयव्हॅन्होचें लग्न रोवीना या सॅक्सन राजकुळांतील स्त्रीशीं होतें. रिबेका आपल्या पूर्वजांचा धर्म न सोडतां बापाबरोबर स्पेन देशास निघून जाते, आणि तेथें रोग्यांची व दुःखितांची सेवा करीत आयुष्य घालविण्याचा तिचा निश्चय असतो. पुष्कळ वाचकांनीं तक्रार केली कीं, खरी नायिका रिबेका असतां तिला सुख कां दिलें नाहीं? सन १८३० मध्यें स्कॉट यांनीं याचें उत्तर प्रस्तावनेंत लिहिलें. त्याचा आशय असा कीं, त्या काळीं असा विवाह घडणें जवळजवळ अशक्य होतें. शिवाय सद्गुणाचें फळ संपत्ति व इच्छित वस्तु मिळणें हेंच होय असें तरुण वाचकांना शिकविणें घातुक आहे. कर्तव्यासाठीं स्वार्थ सोडल्यानें मनाला जी शांति मिळते, तीच सद्गुणाची खरी कमाई. हें उत्तर त्यांनीं लिहिलें तेव्हां ते स्वतः कोणत्या स्थितींत होते, तें पुढें दिसेलच.

स्कॉट यांच्या ग्रंथांत दोष नाहींत असें नाहीं. नॉर्मन व सॅक्सन यांचें वैर रिचर्डच्या काळीं तितकें तीव्र उरलें नव्हतें, असें इतिहासकार सांगतात. आयझॅकचें चित्र काढतांना लोभी यहुद्याची जुनी, अन्यायाची कल्पना त्यांनीं पुरती टाकली नाहीं. सन १८१६ मधील एका कादंबरींत त्यांनीं स्कॉटलंडच्या छळ सोसणाऱ्या कव्हेनंटर लोकांना वेडसर रंगविलें, म्हणून पुष्कळ प्रेस्बिटेरियन लोक त्यांच्यावर रागावले, व त्या रागाला कारण होतें. तथापि वैऱ्यामध्येंही थोरपणा पाहण्याची दृष्टि त्यांना होती. सन १८२५ मधील ‘टॅलिस्मन’ या कादंबरींत तापानें फणफणलेल्या रिचर्ड राजाला बरें करणारा हकीम हा वेषांतर केलेला मुसलमान सुलतान सलादीनच असतो.

पुस्तकांच्या उत्पन्नांतून स्कॉट यांनीं सन १८११ पासून ट्वीड नदीच्या कांठीं जमीन घेतली, झाडें लावलीं, आणि ॲबट्सफर्ड नांवाचा जुन्या गढीसारखा वाडा बांधला. सन १८२० मध्यें त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. परंतु या वैभवाखालीं पाया पोखरलेला होता. जेम्स बॅलंटाइन या बाळमित्राच्या छापखान्यांत त्यांची गुप्त भागी होती. छापखाना आणि प्रकाशक कॉन्स्टेबल यांनीं एकमेकांच्या हुंड्यांवर सह्या करून पैसा उभा केला होता. आणि न लिहिलेल्या पुस्तकांच्या भरंवशावर स्कॉट यांनीं जमीन वाढविली होती. जामीन राहण्याविषयीं शलमोनानें दिलेला इशारा त्यांनीं पुष्कळदां वाचला असेल. सन १८२५ च्या अखेरीस लंडनमधील एक मोठी पेढी डळमळली. ती बुडाली, तिच्यामागून कॉन्स्टेबल बुडाले, आणि सन १८२६ च्या जानेवारीमध्यें बॅलंटाइनचा छापखानाही बुडाला. चौपन्न वर्षांच्या स्कॉट यांच्या डोक्यावर सुमारें १,२०,००० पौंडांचें कर्ज आलें.

त्यांच्यापुढें सोपी वाट होती. दिवाळें जाहीर केलें असतें तर सावकारांना हातीं लागेल तो वांटा मिळाला असता, व ते मोकळे झाले असते. ॲबट्सफर्डची इस्टेट थोरल्या मुलाच्या लग्नांत त्याच्या नांवें लावून दिलेली होती, तेव्हां डोक्यावरचें छप्परही बहुधा राहिलें असतें. मित्र पैसे देऊं लागले. त्यांच्या मुलींना वीणा शिकविलेल्या एका गरीब शिक्षकानें आपली सगळी शिल्लक पुढें केली. स्कॉट यांनीं सर्वांचे आभार मानले आणि एकाचाही पैसा घेतला नाहीं. त्यांनीं सावकारांकडे फक्त वेळ मागितला. आपल्या उजव्या हाताच्या कष्टानें पैन् पै फेडीन असें त्यांनीं ठरविलें, आणि पुढील सर्व लेखनाची मिळकत पंचांच्या स्वाधीन केली.

एडिंबरोचें घर विकलें. नोकर कमी केले. एक जुना खानसामा मात्र पगार नको पण घर सोडणार नाहीं असें म्हणून राहिला. चार महिन्यांनीं, १५ मे १८२६ रोजीं, पत्नी वारली. त्या काळच्या त्यांच्या रोजनिशींत दुःख आहे, परंतु कोणाला शिव्याशाप नाहींत. दुःखाच्या दिवसांतही लिहिण्याचें काम चालूच राहिलें. नेपोलियनचें नऊ भागांचें चरित्र सन १८२७ मध्यें निघालें. त्याच वर्षीं लिहिलेल्या ‘सर्जन्स डॉटर’ या कथेंत त्यांनीं हैदर अल्लीच्या म्हैसूरचें चित्र काढलें, जरी हिंदुस्थान त्यांनीं डोळ्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. दोन वर्षांत त्यांनीं सावकारांसाठीं सुमारें ४०,००० पौंड मिळविले. सन १८३० च्या अखेरीस सावकारांनीं सभा भरवून, ॲबट्सफर्डमधील त्यांचीं पुस्तकें व सामानसुमान कृतज्ञतेनें त्यांना परत भेट दिलें. सावकार ऋणकऱ्याचे आभार मानतात, असा प्रसंग आपल्या गांवांत किती वेळां पाहावयास मिळतो?

परंतु शरीर झिजलें होतें. सन १८३० च्या फेब्रुवारीमध्यें त्यांना पक्षघाताचा पहिला झटका आला, आणि पुढें आणखी आले. तरीही ते लिहीतच राहिले. शेवटच्या पुस्तकांत थकवा स्पष्ट दिसतो. सन १८३१ मध्यें सरकारनें त्यांना हवापालटासाठीं लढाऊ जहाजांतून माल्टा व इटली इकडे पाठविलें. सन १८३२ च्या जुलैमध्यें ते अर्धवट शुद्धींत परत आले; परंतु ट्वीड नदीचें खोरें व घराचें शिखर दिसतांच ते आनंदानें ताडकन् उठून बसले. त्यांचे जांवई लॉकहार्ट यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, त्या दिवसांत एकदां स्कॉट यांनीं कांहीं वाचून दाखविण्यास सांगितलें. कोणतें पुस्तक, असें विचारतां, हा प्रश्नच कसा पडतो, पुस्तक एकच आहे, अशा अर्थाचें उत्तर त्या शेंकडों पुस्तकांच्या मालकानें दिलें. तेव्हां लॉकहार्ट यांनीं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वाचला, आणि तो ऐकून त्यांना मोठें समाधान झालें. २१ सप्टेंबर १८३२ रोजीं दुपारीं त्यांचें देहावसान झालें. खिडक्या उघड्या होत्या, आणि गोट्यांवरून वाहणाऱ्या नदीचा आवाज खोलींत ऐकूं येत होता. ड्रायबरोच्या पडक्या मठांत त्यांना पुरलें.

त्यांच्या मृत्यूच्या वेळीं सुमारें ५४,००० पौंड देणें उरलें होतें. त्यांच्या विम्याचे २२,००० पौंड आले, आणि त्यांच्या ग्रंथांच्या हक्कांवर प्रकाशक कॅडेल यांनीं उरलेली रक्कम उभी केली. कुटुंबावरील शेवटचा बोजा सन १८४७ मध्यें फिटला. म्हणजे त्यांनीं बोलल्याप्रमाणें, त्यांच्या हातानेंच, मरणानंतरही, कर्ज फेडलें. यॉर्कच्या सरदारांनीं कर्जरोखे जाळले. त्यांची काळी गोष्ट ज्या युगांत घडली तें युग रंगविणाऱ्या लेखकानें आपला एकही रोखा जाळला नाहीं. रिबेकेला जें सुख त्यांनीं कथेंत दिलें नाहीं, तें त्यांनीं स्वतःसाठींही मागितलें नाहीं.

त्यांच्या लेखणीचा ओघ आपल्या भाषेपर्यंत येऊन पोंहोंचला. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही सन १८७१ मधील कादंबरी मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. आणि ‘उषःकाल’ लिहिणारे हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) हे स्कॉट यांचे वाचक होते. त्याहीपूर्वीं, सन १८५७ मध्यें, आपल्याच मंडळीचे बाबा पद्मनजी यांनीं ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचीं दुःखें लोकांपुढें मांडलीं. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून तिचाच मान आहे. तेव्हां कल्पित कथेला अन्यायाविरुद्ध कामास लावणें ही गोष्ट आपल्या मंडळ्यांना नवीन नाहीं.

त्या वृद्ध उपदेशकांना मी आतां असें सांगेन: मुलाला वाचूं द्यावें, आणि त्या वाचण्यांत त्याला आनंद होत असेल तर त्या आनंदाचा हेवा करूं नये. आपल्या प्रभूनेंही शेतकऱ्याच्या, हरवलेल्या मेंढराच्या व उधळ्या मुलाच्या गोष्टी सांगूनच लोकांचीं हृदयें जिंकलीं. दोनच गोष्टी त्याला सांगाव्या. कादंबरीला इतिहास समजूं नये. आणि पुस्तक मिटल्यावर असें स्वतःस विचारावें कीं, आपल्या गांवांत गर्थ कोण, रिबेका कोण, आणि तिची चिठ्ठी घेऊन कोणी धांवत आहे काय. ज्याला याचें उत्तर सांपडेल, त्याची रात्र दिव्याजवळ वायां गेली असें कोणीही म्हणूं शकणार नाहीं. आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्यानें ट्वीडकांठच्या त्या लंगड्या म्हाताऱ्याची आठवण करावी. पहाटे उठून, दुखऱ्या हातानें, एक पान, मग दुसरें पान, असें करीत तो ऋणांतून बाहेर पडत गेला.